देठ नसलेली फुलं

कुंभार पिंपळगाव,
१० नोव्हेंबर २०२५

ती. पुंजाराममामा,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडायला लागले की घरमालकीण दारात येऊन उभी राहते. म्हणून पत्र. तुम्हीच म्हणालात, लिहीत जा, निवृत्त मास्तरला वाचायला वेळच वेळ असतो. मग आता भाचीचं रडगाणं वाचा.

मामा, मला मुलांची भीती वाटते. हसू नका. वर्गात पाय टाकला की पोटात गोळा येतो. संभाजीनगरला पदविका करताना आमच्यासमोर जी माणसं चित्रासाठी बसवायचे ती हलत तरी नव्हती. ही कार्टी एका जागी ठरत नाहीत. एकाने ब्रश धुतलेलं पाणी पिऊन दाखवलं. दुसऱ्याने माझ्या ओढणीवर सूर्य काढला. शाळांना चित्रकलेचे शिक्षक देणाऱ्या संस्थेने मला तुमच्या शब्दावर घेतलं, तेव्हा तुमची लाज राखायची म्हणून उभी आहे, एवढंच.

शाळा पिंपळगावात नाही, तिथून बरीच आत वस्तीवर आहे. दोन खोल्या, व्हरांडा, अंगणात एक लिंब आणि चारी बाजूंनी ऊस. पहिली ते चौथी. मुख्याध्यापक राधेश्याम सर भला माणूस आहे, पण शाळा समितीचे अध्यक्ष बद्रीनाथराव यांना विचारल्याशिवाय ते खडूसुद्धा मोडत नाहीत. शाळेची जागा बद्रीनाथरावांनी दिलेली, आणि भोवतालचा ऊसही बहुतेक त्यांचाच.

पहिल्या दिवशी म्हटलं, मनाला येईल ते काढा. सगळ्यांनी एकच चित्र काढलं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, झोपडी, नारळाचं झाड आणि चारच्या आकड्याचे पक्षी. मामा, इथे डोंगर औषधालाही नाही. नारळ यांनी फक्त देवापुढे फोडलेला पाहिला असेल.

सकाळी जाताना काही वाटत नाही. येताना ऊन उतरलेलं असतं, ऊस डोक्याच्या वर गेलेला, आणि वारा पडला तरी आत काहीतरी सळसळत असतं. रानडुकरं असतात म्हणे. मी स्कूटी जोरात काढते आणि मोठ्याने पाढे म्हणते. एकोणतीसचा पाढा मला आता येतो.

जालन्याच्या त्या बियाणे कंपनीत पाकिटांवरची चित्रं काढायला माणूस हवा होता, त्याचं काय झालं? भेंडी आणि टोमॅटो निदान गप्प बसतात. जरा परत विचारा ना. मामींना नमस्कार.

तुमची,
संध्या

---

भोकरदन,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. संध्यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ओढणीवरच्या सूर्यापाशी ती इतकी हसली की चहा उतू गेला. तेव्हा तू आम्हाला चहाचं देणं लागतेस.

मुलांची भीती मलाही वाटायची. माझी तर हायस्कुलातली, मिशा फुटलेली पोरं. त्यांना कळू दिलं नाही, एवढाच माझा पराक्रम. तू लहानपणी आमच्या ओसरीवर कोळशाने म्हशी काढायचीस. शेपट्या कायम उलट्या. पण म्हैस बसलेली कशी दिसते ते तुला कोणी शिकवलं नव्हतं, तू बघून काढायचीस. म्हणून मी संस्थेत तुझं नाव सांगितलं. ओळखीपोटी नव्हे.

डोंगराबद्दल. त्यावर रागावू नकोस. तो त्यांना कुणीतरी दिलेला डोंगर आहे आणि तो काढला की शाबासकी मिळते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांना बाहेर ने. एकच वस्तू दाखव आणि तीच काढायला लाव. आणि एक सांगतो, माझ्या उभ्या नोकरीत कमावलेलं एवढंच आहे: पोराने काय काढलंय ते आपण ओळखायला जाऊ नये, त्याला विचारावं.

बियाणेवाल्यांकडे परत निरोप ठेवलाय. पण हे वर्ष काढ. वाटेने येताना पाढे म्हण, हरकत नाही. मात्र गाडी हळू चालव.

तुझा,
मामा

---

कुंभार पिंपळगाव,
२४ नोव्हेंबर २०२५

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

तुमचं ऐकलं. डोंगर बंद केले. आधी लिंबाचं खोड, मग पाण्याची टाकी, मग राधेश्याम सरांची चप्पल. चपलेचं चित्र सगळ्यांत चांगलं आलं. एकाने तर झिजलेली टाच बरोब्बर काढली, आणि सर दिवसभर पाय मागे घेऊन बसले.

परवा म्हटलं, आता चारीच्या काठावर जाऊन ऊस काढू. चारी म्हणजे कालव्याचा फाटा, शाळेमागूनच जातो. लिंबापर्यंत सगळे उड्या मारत आले आणि तिथे थांबले. पुढे पाऊलच टाकेनात. ‘तिकडं न्हाई जायचं, मॅडम.’ मी म्हटलं का? ‘आबा रागावते,’ बद्रीनाथरावांची नात म्हणाली. उसाची नासधूस करतील म्हणून म्हातारा ओरडत असणार. मग लिंबाखाली बसूनच काढलं. घरी जातानाही ही मुलं एकमेकांचे हात धरून माळ करून जातात, मोठी पुढे, बारकी मध्ये. मला फार गोड वाटलं.

त्या नातीचं नाव अर्पिता. तिसरीत आहे. बोलायला कंजूष, पण नजर अशी की काही सुटत नाही. तिचं चित्र सोबत पाठवते. चारीच्या चिखलात एका ओळीत ही तपकिरी फुलं. कडेला पाच बोटांचं पान. बाकीच्यांनी नुसत्या हिरव्या रेघा ओढल्या, हिने मात्र जमिनीवर काय आहे ते पाहिलं. फक्त फुलांना देठ नव्हते. म्हटलं, अगं, फूल हवेत कसं राहील? आणि दोनचार देठ मीच काढून दाखवले. ती चित्राकडे पाहत राहिली. लाजाळू आहे.

मला आता सकाळी शाळेत जावंसं वाटतं, हे तुम्हाला सांगताना लाज वाटते, कारण मागच्या पत्रात मी काय काय लिहिलं होतं. बियाणेवाल्यांची घाई करू नका.

बाकी ठीक. व्हरांड्यात झोपणारा शाळेचा कुत्रा काही दिवस दिसला नाही. मुलांना विचारलं तर कोणी बोललं नाही. पाढे चालू आहेत.

तुमची,
संध्या

---

भोकरदन,
२९ नोव्हेंबर २०२५

चि. संध्या,

पत्र आत्ता दुपारी हातात पडलं. आमच्या सुमितने तुला फोन लावला, लागत नाही. तू शाळेत असशील, तिथे रेंज नाही म्हणाली होतीस. संध्याकाळी तो परत लावणार आहे. पण मला बसवत नाही म्हणून लिहितो. फोनवर माझं अर्धं बोलणं जातं, आणि हे अर्धं जाऊन चालणार नाही.

ती फुलं नाहीत.

आमचं जुनं गाव अजिंठ्याच्या रांगेच्या पायथ्याशी. लहानपणी मी शेळ्या राखल्या आहेत. चार गोल बोटं आणि खाली मोठी गादी, तिला मागे खाचा. कुत्र्याच्या पावलापुढे नखं उमटतात. इथे एकाही पावलाला नख नाही. पावलं एका ओळीत, एकाच्या मागे एक पडलेली आहेत. मांजराची जात अशी चालते. हा बिबट्या आहे, संध्या.

तुझं पाच बोटांचं पान नीट आठव. ते पान नाही. पोरीने त्या पावलाशेजारी आपला हात ठेवून पाहिला असणार आणि तेवढाच कागदावर गिरवलाय, पाऊल केवढं आहे ते कळावं म्हणून. म्हणजे ती तिथे चारीच्या काठी खाली वाकून बसली होती. उसाच्या कडेला, एवढंसं लेकरू, खाली बसलेलं.

आणि देठ तुझ्या हातचे आहेत. तू सांगितलं नसतंस तरी ओळखले असते, रेघ तुझी आहे. पोरीने खरं काढलं होतं. तू ते सजवलंस. रागावत नाही, पण हे तुला माहीत असायला हवं.

तुझी ती गोड माळ, तो कुत्रा, लिंबापाशी थांबणं, सगळं आता परत वाच. वस्तीला ठाऊक आहे. फक्त तुला ठाऊक नाही.

स्कूटी त्या वाटेने नेऊ नकोस. हे पत्र अंबडला जाणाऱ्या ओळखीच्या कंडक्टरजवळ देतो आहे.

मामा

---

कुंभार पिंपळगाव,
५ डिसेंबर २०२५

ती. मामा,
जयभीम.

सुमितदादाचा फोन त्याच संध्याकाळी आला. त्याने एवढंच सांगितलं, ‘अप्पा म्हणून राह्यलेत, ती फुलं न्हाईत, पावलं हायेत.’ मी म्हटलं कसली, आणि विचारता विचारताच मला कळलं. मी नुकतीच त्या वाटेने आले होते. स्कूटीची चावी अजून हातातच होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी मोठ्या रस्त्याने लांबून शाळेत गेले आणि अर्पिताला जवळ बसवलं. कोरा कागद पुढे ठेवला आणि विचारलं, जे त्या दिवशी आधीच विचारायला हवं होतं: तू चारीवर काय बघितलं होतंस?

‘ते जातं तिथनं.’

‘ते म्हणजे?’

‘ते.’ इथे त्याचं नाव कोणी घेत नाही, मामा. घेतलं की येतं म्हणतात.

‘मग मला सांगितलं का नाहीस?’

‘तुम्ही फुलं मनल्या,’ ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. मॅडम फुलं म्हणाल्या म्हणजे फुलं, इतकंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कंडक्टरने पोचवलेलं तुमचं पत्र राधेश्याम सरांना दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं. ‘मॅडम, ठाऊक आहे सगळ्यांना. पण ऊसतोडीची टोळी आत्ताच आलीय कुठं. बभ्रा झाला तर रातोरात उठून जाईल, मंग एवढा ऊस कोण तोडणार? बद्रीनाथरावांनी सांगितलंय, गप राहायचं.’ टोळीची माणसं उसाच्या कडेलाच पाचटाच्या कोप्या करून राहतात. त्यांचीही लेकरं आहेत. त्यांना तर कोणी काहीच सांगितलेलं नाही.

बद्रीनाथराव आले. धोतर, टोपी, आवाज मऊ. ‘कुत्र्याचे पाय व्हते ते, मॅडम. तुम्ही शहरातल्या, तुम्हाला काय कळावं. चित्रकला शिकवा बिलकुल, आमचं काही म्हणणं न्हाई.’ ‘चित्रकला शिकवा’ म्हणाले, तेव्हा मी चित्रकला शिकवली.

बुधवारी मैदानावर रेघा मारायची फक्की घेतली आणि अंगणभर वस्तीचं चित्र काढायला लावलं. शाळा, लिंब, चारी, प्रत्येकाचं घर, विहिरी, मोटारीच्या खोल्या, टोळीच्या कोप्या. मी हात लावला नाही. घर कुठे आणि वाट कुठे यावर त्यांचीच भांडणं झाली. शेवटी म्हटलं, आता ज्याने जिथे ‘ते’ किंवा त्याची पावलं पाहिली तिथे एक दगड ठेवा. बोलायचं नाही, नुसता ठेवायचा.

मला वाटलं होतं दोनतीन दगड येतील. मुलं ठेवतच राहिली. बारकी सुद्धा. सगळे दगड चारीच्या काठाने, म्हणजे मुलं ज्या वाटेने घरी जातात त्याच वाटेवर, आणि शेवटचे कोप्यांना जाऊन भिडलेले.

बद्रीनाथराव फाटकात उभे होते, अर्पिताला न्यायला आलेल्या त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंबरोबर. मग द्वारकाबाई वाकल्या, एक दगड उचलला, फक्कीवर पाय न देता चालत गेल्या आणि आपल्या गोठ्यावर ठेवला. म्हणाल्या, ‘आमचं वासरू कुत्र्यानं नेलं न्हाई. म्या बघितलं त्याला. हे गप मनले मनून गप राह्यले.’ नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

बद्रीनाथरावांनी सगळ्या दगडांवरून नजर फिरवली. अर्पिताचं घर कुठे काढलंय ते शोधत असावेत. मग त्यांनी स्वतःच वनखात्याला फोन लावला.

मामा, मी भ्याले आहे. हे तुमच्याशिवाय कोणाला सांगत नाही.

तुमची,
संध्या

---

भोकरदन,
१० डिसेंबर २०२५

चि. संध्यास आशीर्वाद.

तू केलंस ते मला उभ्या नोकरीत सुचलं नसतं. आता पुढचं ऐक.

जालन्याच्या बियाणेवाल्यांचा होकार आलाय. एक जानेवारीपासून. पगार तुझ्या आत्ताच्या मानधनाच्या दुप्पट, बसायला खोली, पंखा. तू सामान बांध. मी रविवारी सुमितला गाडी घेऊन पाठवतो.

तू म्हणशील, मामा, तुम्हीच म्हणालात वर्ष काढ. हो. ढकललं मीच. म्हणून मलाच ओढून काढायचंय. मामी दिवा लागला की दारात जाऊन बसते. कशाला बसलीस विचारलं तर म्हणते, हवा खाते. थंडीत कसली हवा.

आणि जनावराहून मला दुसरीच भीती जास्त वाटते, ती लिहूनच टाकतो. सांगत जाऊ नको कोणाला. तू तिथे एकटी, बाहेरची, आणि आपल्यातली. आज द्वारकाबाईंनी दगड ठेवला, चांगलं झालं. उद्या एखाद्या लेकराला काही झालं आणि ते लेकरू तुझ्याबरोबर असलं, तर हीच वस्ती काय म्हणेल? मॅडमनी नेलं होतं, म्हणतील. मॅडमनीच नाव घेऊन आणलं त्याला, म्हणतील. मी आयुष्यभर नोकरी केली ती चांगल्या गावांत, चांगल्या माणसांत. तरी वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली की आधी कोणाकडे बघितलं जायचं ते मी पाहिलंय. संकटात माणसं बोट दाखवायला जागा शोधतात. ती जागा तू होऊ नकोस.

रविवारी तयार राहा.

मामा

---

कुंभार पिंपळगाव,
१३ डिसेंबर २०२५

ती. मामा,

सुमितदादाला पाठवू नका. फोनवरही सांगितलंय त्याला. निदान महिनाअखेरपर्यंत मला निघता येणार नाही. मुलांच्या नोंदवह्या पुऱ्या करायच्या आहेत.

वनखात्याने चारीवर पिंजरा लावलाय. आत शेळी बांधतात. ती दिवसभर ओरडते आणि वर्गात ऐकू येतं. माणसांनी येऊन मुलांना सांगितलं: एकटं जायचं नाही, उसाजवळ खाली बसायचं नाही, दिसलं तर पळायचं नाही. टोळी गेली नाही. मुकादमाने फक्त कोप्या हलवून रस्त्याकडेला घेतल्या आणि रात्री शेकोट्या चालू ठेवल्या. म्हणजे ज्याच्यासाठी सगळे गप होते ते झालंच नाही.

चारीकडच्या मुलांना शाळा सुटली की मी पोचवायला जाते. सर म्हणाले, स्वतःच्या जबाबदारीवर जा. मुलांजवळ खिचडीच्या ताटल्या असतात, वाजवायला. काळजीचं कारण नाही. मला आता भीती वाटत नाही.

संध्या

---

भोकरदन,
१९ डिसेंबर २०२५

चि. संध्या,

‘मला आता भीती वाटत नाही’ हे वाक्य तू खोडून पुन्हा लिहिलं आहेस. कागद तिथे खरवडलाय.

सुमित म्हणतो, फोनवर तू ‘ठीक आहे’ म्हणतेस आणि ठेवतेस. बियाणेवाले तुझी जागा आणखी आठवडाभर राखून ठेवतो म्हणालेत. मी आता आग्रह करणार नाही. पण मला खरं लिही. खोटं वाचून झोप येत नाही, आणि खरं वाचूनही येणार नसेल तर निदान उगाच तरी जागणार नाही.

मामा

---

कुंभार पिंपळगाव,
२८ डिसेंबर २०२५

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

खरं लिहिते. मी ठीक आहे, मुलं सगळी ठीक आहेत. हे आधी वाचा, मामींना सांगा, मग पुढचं.

मंगळवारी आम्ही निघालो. अर्पिता, बबलू आणि चारीकडची बाकीची. बबलू पहिलीतला, माझा हात सोडत नाही. ऊन उतरत होतं. चारीपलीकडचा ऊस नुकताच तोडलेला, शेत मोकळं झालं होतं आणि बांधावर पाचटाचा ढीग होता. ताटल्या वाजत होत्या. मग पुढच्या मुलाची वाजायची थांबली, मागच्याची थांबली, आणि मी पाहिलं.

ते पाचटाच्या रंगाचंच होतं, म्हणून आधी दिसलं नाही. बांधावर बसलं होतं आणि आमच्याकडे बघत होतं. इतकं जवळ की मधे दोन बैलगाड्या उभ्या राहिल्या असत्या. त्याचा ऊस तोडला गेला होता, मामा. तिथे त्याला लपायला जागा राहिली नव्हती.

माझं डोकं रिकामं झालं. ताटली वाजवायचं, ओरडायचं, काहीच सुचलं नाही. फक्त तुमचं वाक्य आठवलं: मॅडमनी नेलं होतं, म्हणतील. बबलूने हात सोडला आणि तो वळला. मी त्याचं दप्तर पकडलं. सगळीच मुलं वळणार हे मला त्यांच्या पाठींवरून कळत होतं, आणि एक जरी पळालं असतं तर ते त्याच्या मागे गेलं असतं.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, वर्गात निघतं तसंच: ‘कोणी हलायचं नाही. सगळे माझ्याजवळ या. नीट बघून घ्या. उद्या हेच काढायचंय.’

आणि मामा, ती बघायला लागली. महिनाभर त्यांना हेच तर सांगत होते. खोड बघा, चप्पल बघा. एकमेकांना चिकटून उभी राहिली आणि बघायला लागली. कोणीतरी हळूच म्हणालं, ‘कान गोल हायेत.’ दुसरं म्हणालं, ‘शेपटीचं टोक खालून पांढरं हाय, मॅडम.’ मी म्हटलं, हो, लक्षात ठेव. माझा आवाज कुठून येत होता मला माहीत नाही. किती वेळ गेला तेही सांगता येणार नाही. मग ते उठलं, अंग ताणलं आणि बांधाच्या पलीकडे उभ्या उसात शिरलं. आम्ही तोंड त्या बाजूला ठेवून, उलट्या पावलांनी शाळेपर्यंत आलो. तिथे पोचल्यावर मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि मला उलटी झाली.

बद्रीनाथराव ट्रॅक्टर घेऊन आले आणि सगळ्यांना ट्रॉलीतून घरी नेलं. मला म्हणाले, ‘उद्यापासून ट्रॅक्टर येईल रोज. मॅडमला बी सोडंल पिंपळगावापर्यंत.’ एवढंच. कोणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. पण तुमची भीती खोटी होती असंही मी म्हणणार नाही. मुलांना खरचटलं जरी असतं तरी काय झालं असतं, ते मलाही कळतं.

बियाणेवाल्यांना नाही म्हणून कळवा. भीती गेली म्हणून नव्हे. शुक्रवारी वनखात्याने ते पकडलं, घेऊनही गेले, तरी कालसुद्धा मी ट्रॉलीत बसून पाढे म्हणत होते. उसाचीही भीती वाटते आणि वर्गात शिरतानाही अजून पोटात गोळा येतो. आता तर जास्तच, कारण एखाद्या दिवशी मी परत कुणाच्या तरी चित्रात देठ काढून ठेवीन याची धास्ती असते. पण मला हेच काम करायचंय, मामा. दुसरं काही करताना मी या लेकरांचाच विचार करत बसेन. तुम्हाला न विचारता ठरवलं, रागावू नका.

बुधवारची गोष्ट सांगायची राहिली. मुलांना कागद दिले. सगळ्यांनी बिबट्या काढला, ठिपके, कान, सगळं. अर्पिताने बिबट्या काढलाच नाही. तिने आम्हाला काढलं होतं. समोरून, एका ओळीत, म्हणजे त्याला आम्ही जसे दिसलो असू तसे. मध्ये मी, सगळ्यांत उंच, एका हातात बबलूचं दप्तर. बाकी सगळ्यांचे पाय दोन सरळ काड्या. माझे पाय मात्र वरपासून खालपर्यंत नागमोडी.

मी ओळखायला गेले नाही. विचारलं, ‘मॅडमचे पाय असे का गं?’

‘थरथरून राह्यले व्हते.’

‘तुला दिसले?’

‘समद्यायला दिसले.’

मला वाटत होतं, मी त्यांना छान फसवलं. तुम्ही कळू दिलं नाही तसं मीही कळू दिलं नाही. मी विचारलं, ‘मग तुम्ही पळाला का नाहीत?’

ती डब्यात रंगखडू शोधत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तुम्हाला एवढं भ्या वाटून बी तुम्ही न्हाई पळाल्या. मंग आमी कशाला पळावं?’

मग तिला हवा तो खडू सापडला आणि ती माझ्या ओढणीचा रंग भरू लागली.

तुमची,
संध्या